जावई पुढे, सासरे मागे

आमच्याकडे जावयाला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. बहिणीचा नवरा पुण्याच्या घरी आला की आई आजही त्याला पंख्याखालची खुर्ची देते, आणि ती रिकामी व्हावी म्हणून वडिलांना उठवते. कधीतरी आपलीही पाळी येईल या भरवशावर मी लहानाचा मोठा झालो. पुढे नोकरीसाठी न्युरेम्बर्गला आलो, तिथे उत्तर जर्मनीतून आलेल्या एका मुलीशी लग्न केलं, आणि तिच्या वडिलांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातात एक ओला दोर दिला. "हा धर," म्हणाले, "आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस." पंखा वगैरे नव्हताच.

त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला सासऱ्यांची बोट होती. मेक्लेनबुर्गमध्ये तळ्यांना तळी जोडणारे जुने कालवे आहेत, त्यातल्या एकाच्या काठी सासऱ्यांचं घर आहे. पण बोट तिथली नाही. ती इंग्लंडच्या कालव्यांवरची नॅरोबोट, म्हणजे आमच्या फ्लॅटच्या पॅसेजइतकी रुंद आणि एखाद्या चाळीइतकी लांब. कुणा इंग्रजाने ती हौसेने ट्रकवर घालून जर्मनीत आणली, दोन उन्हाळ्यांत त्याची हौस फिटली आणि बोट सासऱ्यांच्या गळ्यात पडली. सासरे रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. लोखंडाची वस्तू कितीही गैरसोयीची असली तरी ती टाकून द्यायची नाही, हा त्यांचा धर्म. इंग्रजांना चहा आणि कालवा एवढं सोडून काही कळत नाही असं ते म्हणायचे, आणि मग दर रविवारी त्याच इंग्रजाच्या बोटीला पॉलिश करत बसायचे.

या बोटीची गंमत अशी की चालवणारा अगदी मागच्या टोकाला, उघड्यावर, सुकाणूचा दांडा धरून उभा असतो. त्याच्या पुढे लांबच लांब केबिन, केबिनचं छप्पर, आणि त्याच्याही पुढे कुठेतरी बोटीचं तोंड. तिथे काय चाललंय ते मागच्याला धड कळत नाही. म्हणून पुढे एक माणूस उभा करावा लागतो. सासूबाई होत्या तोवर ती जागा त्यांची होती. त्या पुढे उभ्या राहून नुसत्या हाताने खुणा करायच्या: डावा हात, उजवा हात, आणि थांबायचं असेल तर तळवा वर. तोंडातून अवाक्षर नाही. मागून सासरे त्याबरहुकूम चालवायचे. नवराबायको इतक्या कमी शब्दांत एकमेकांचं ऐकू शकतात हे मी तरी आमच्या बाजूला कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई गेल्यावर ती जागा मला मिळाली. किनाऱ्यावरच्या हमालाची बढती झाली म्हणायचं. बायको त्या वेळी रडली आणि म्हणाली की वडिलांनी तिथे उभं राहायला दुसऱ्या कुणालाच सांगितलं नव्हतं, तुला सांगितलं. त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

पुढे उभं राहायचं काम खरं कठीण होतं ते श्लॉयझेपाशी. श्लॉयझे म्हणजे पाण्याची लिफ्ट. दगडी भिंतींच्या खोलीत बोट घालायची, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी भरतं, बोट वर येते, पुढचा दरवाजा उघडतो. सगळं अगदी सोपं, फक्त ती लांबलचक बोट दगडी कोपऱ्यांना न लावता आत न्यायची आणि पुढच्या दरवाजाआधी थांबवायची. बोटीला ब्रेक नसतो. इंजिन उलटं फिरवलं की तिला बऱ्याच विचाराअंती थांबावंसं वाटतं.

पहिल्या श्लॉयझेला मी सासूबाईंसारखा हात वर करायला गेलो आणि कुठला हात कशासाठी हेच विसरलो. जर्मन तर त्या आधीच पळालं होतं. समोर दगड येत होता. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे खोल आत असतं तेच निघतं, आणि माझ्या आत आमच्या सोसायटीचं पार्किंग होतं. कुणाचीही गाडी मागे घ्यायची असली की आख्खी विंग कामधाम सोडून ओरडायला जमायची. मी तसाच ओरडलो: "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्याऽऽ... डावीकडे घ्या... येऊ द्या... बाऽस!"

बोट जिथे थांबायला हवी तिथे थांबली.

सासरे म्हणाले, ओरडू नकोस, हात कर. पुढच्या वेळी मी हात केला आणि सवयीने ओरडलोही. ते परत म्हणाले. असं बरीच वर्षं चाललं. मी ओरडायचो, ते कपाळाला आठ्या घालायचे, शेजारच्या बोटींवरचे लोक हसायचे. एका उन्हाळ्यात माझी आई आली होती. तिने मला दोर घेऊन पुढे ओरडताना पाहिलं आणि हळूच विचारलं, "अरे, सणवारालासुद्धा तुला हेच करायला लावतात का?" सासऱ्यांनी तिला स्वतः केलेला केक वाढला. तिने तो खाल्ला, पण माफ केलं नाही.

मग अलीकडे केव्हातरी सासऱ्यांनी माझ्या ओरडण्यावर बोलणं सोडून दिलं. उलट, श्लॉयझे जवळ आली की मागून हाक यायची, "आल्झो, चल, सुरू कर." मला वाटलं, शेवटी जिंकलो. एका जर्मन माणसाने एका मराठी माणसाचा गोंगाट पत्करला याचा मला इतका अभिमान वाटला की ऑफिसात मी ही गोष्ट दोनतीनदा तरी सांगितली.

गेल्या वसंतात बायको एकटी वडिलांकडे जाऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, त्यांनी कॉफी कपाच्या शेजारी ओतली. त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी तिचं बोलणं झालं होतं. दृष्टीचा मधला भाग जातोय, कडेचं दिसतं, समोरचं नाही. गाडीची किल्ली तर त्यांनी आदल्याच वर्षी आपणहून टेबलावर ठेवली होती. आता म्हातारपणी कशाला, असं म्हणाले होते, आणि आम्ही सगळ्यांनी त्यांच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं होतं. बोटीचं मात्र कुणी बोललं नव्हतं. तिचं इंजिन इतकं लहान की जर्मनीसारख्या देशातही ते चालवायला परवाना लागत नाही. म्हणजे काढून घ्यायलाही काही नव्हतं. कुणीतरी तोंडाने सांगायला हवं होतं.

"तू सांग," बायको म्हणाली. "मी बोलले की मी त्यांना अजून शाळेतली वाटते. तुझं ऐकतात."

मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला की आमच्यात जावई सासऱ्याला असं थेट सांगत नाही. जावई बायकोला सांगतो, बायको आईला, आई वडिलांना, आणि वडील रागावले तर आईवर. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यात जावयाला काही इजा होत नाही. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिची आई आता नाही. हे खरं होतं. साखळीची मधली कडीच गेली होती.

शेवटी ठरलं की फिंग्स्टनच्या सुट्टीत, म्हणजे शाळांना उन्हाळ्याआधी जी सुट्टी असते तिच्यात, नेहमीसारखं बोटीवर जायचं आणि त्या फेरीत मी विषय काढायचा. सासऱ्यांच्या हातून सुकाणू जायला हवं, एवढं नक्की होतं. ते काढून घेतलं तर त्यांच्यापाशी काय उरतं याचा विचार मात्र आम्ही दोघंही करत नव्हतो, किंवा करून एकमेकांना सांगत नव्हतो.

बोटीवर मी सुचवून पाहायला सुरुवात केली. हे शास्त्र मला चांगलं येतं असा माझा समज होता. पहिल्या दिवशी म्हणालो, ऊन डोळ्यांवर येतंय का हो? त्यांनी मला त्यांची टोपी दिली. मग म्हणालो, इतका वेळ उभं राहून पाय दुखत असतील. म्हणाले, नाही. दुसऱ्या दिवशी मी एका मित्राच्या काकांची गोष्ट सांगितली, ज्यांनी योग्य वेळी गाडी सोडली आणि आता ते बागकामात किती सुखी आहेत. सासऱ्यांनी विचारलं, त्यांची बाग केवढी आहे? मला त्याचं उत्तर द्यावं लागलं. जर्मनीत सगळं मिळतं, पण सुचवलेलं समजून घेणारा माणूस मिळत नाही.

निदान मला तसं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी, ब्रेडला लोणी लावता लावता, सासरे वर न बघता म्हणाले, "आज जरा कमी बोल."

आमची मुलगी फसकन हसली. ती पंधरा वर्षांची आहे, माझं मराठी तिला सगळं समजतं आणि उत्तर ती जर्मनमध्ये देते. "गेनाऊ, ओपा," म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर, आजोबा. बायकोने खिडकीबाहेर बघितलं, कारण तिलाही हसू येत होतं.

मला ते फार लागलं. इतकी वर्षं दोर ओढले, बोट भिंतीला घासू नये म्हणून कडेला रबरी फेंडर लावले, ओरडून घसा बसवला, त्याचं हे फळ. मी रुसलो. मराठी जावयाला रुसता येतं, तो त्याचा हक्कच आहे, आणि वीस वर्षांत मी तो एकदाही वापरला नव्हता. रुसायचं कसं ते मला ठाऊक होतं. चहा नको म्हणायचं. विचारलं तर "काही नाही" म्हणायचं. तोंड दुसरीकडे करून बसायचं. मग तासाभरात कुणीतरी येतं, काय झालं म्हणून विचारतं, त्याला दोनदा परतवून लावायचं आणि तिसऱ्यांदा शिरा खायला उठायचं.

मी चहा नको म्हणालो. कुणी आग्रह केला नाही. मी तोंड फिरवून पुढे जाऊन बसलो. बराच वेळ कुणी आलं नाही. मग बायको आली, माझ्या शेजारी उभी राहिली, दोन्ही काठांवरची झाडं पाहिली, आणि मनापासून म्हणाली, "किती शांत वाटतंय ना आज?" आणि खाली केबिनमध्ये भाजी चिरायला गेली. रुसलेला माणूस जर्मनीत अतिशय चांगला माणूस समजला जातो.

वळणापलीकडे श्लॉयझेचा दरवाजा उघडा दिसला. दिवा हिरवा होता. मी उठून उभा राहिलो. मागून हाक आली नाही, कारण सासऱ्यांनीच मला कमी बोलायला सांगितलं होतं आणि ते शब्दाचे पक्के आहेत. मीही ठरवलं, आज अवाक्षर बोलायचं नाही. त्यांना हात हवे होते ना, आज हात मिळतील. मी सासूबाईंसारखा ताठ उभा राहिलो आणि डावा हात लांब केला.

बोट डावीकडे गेली नाही. मी हात आणखी लांब केला. बोट उजवीकडच्या दगडी कोपऱ्याकडे आरामात चालली होती. मला वाटलं, मुद्दाम करताहेत. सकाळचं भांडण ताणताहेत. मी तळवा वर केला, मग दोन्ही तळवे वर केले, आणि तरीही तोंड उघडलं नाही, कारण रुसवा एकदा मोडला की संपला. तेवढ्यात माझं लक्ष मुलीकडे गेलं. ती छपरावर उजव्या बाजूला बसली होती, कानांत गाणी, आणि पाय कडेवरून खाली, पाण्याच्या बाजूला सोडलेले.

"पाय वर घे! बास, बास, बास!"

एरवी हाक मारली की "वास?", म्हणजे जर्मनमध्ये "काय?", विचारणारी ती मुलगी काहीही न विचारता पाय छातीशी घेऊन मागे पडली. दगडाला लोखंड लागल्याचा आवाज झाला, तो बोटीच्या पोटातून सगळीकडे गेला. जिथे तिचे पाय लोंबत होते तिथला निळा रंग भिंतीवर राहिला. खाली बरणी फुटली.  मुलगी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती आणि मला "आलेस गूट, पापा, आलेस गूट", सगळं ठीक आहे, असं सांगत होती, म्हणजे धीर तीच मला देत होती.

ती ठीक आहे म्हटल्यावर मला भयंकर राग आला. छपरावरून तसाच मागे गेलो. सासरे सुकाणू धरून उभे होते, चेहरा पांढराफटक. मी काही बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं.

"तू बोलला का नाहीस?"

"बोलला का नाहीस म्हणजे? हात करत होतो की मी!"

"कुठला हात?" ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, पण जरा बाजूला, माझ्या कानापलीकडे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी माझं ओरडणं पत्करलं तो उन्हाळा मला आठवला, आणि ऑफिसात मी सांगितलेली माझ्या विजयाची गोष्ट आठवली. त्यांना दगड दिसत नव्हता, दरवाजा दिसत नव्हता, मी दिसत नव्हतो. हा माणूस कधीपासून कुणास ठाऊक, एका पुणेकराच्या आरडाओरड्यावर आपली बोट, आपली मुलगी आणि नात आत नेत होता, आणि माझ्या भरवशावर थांबत होता. मी इतका वेळ ज्यांच्या हातून सुकाणू काढून घ्यायचा विचार करत होतो त्यांच्या डोळ्यांचं काम तर मीच करत होतो. मला त्यांची भीती वाटली आणि त्याच वेळी त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

बायको दारात उभी होती, हातात बरणीचं झाकण. तिने सगळं ऐकलं होतं.

श्लॉयझेच्या पलीकडे आम्ही बोट बांधली. दुपारभर सासरे काठावर बसून होते. मधूनमधून उठून बोटीच्या अंगावरच्या खरचटलेल्या जागेवर तळहात फिरवायचे. नातीला त्यांनी परत परत विचारलं, पाय दाखव, चालून दाखव. ती प्रत्येक वेळी न कंटाळता चालून दाखवत होती. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. आता सांगायचं काही शिल्लक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे मला बरं वाटलं.

"ती हात करायची," ते म्हणाले. सासूबाईंबद्दल बोलत होते. "ते फार सुंदर दिसायचं. तुझं ओरडणं काही सुंदर नाही."

"हो," मी म्हणालो. खरंच होतं ते.

"पण ऐकू येतं," ते म्हणाले. मग पाण्याकडे तोंड केलं. "उद्यापासून तू मागे उभा राहा."

एवढंच. गाडीच्या किल्लीसारखंच. बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. ती तशीच घासत राहिली आणि रडली. म्हणाली, आता ते दिवसभर आत सोफ्यावर बसून राहणार, मला ते बघवणार नाही. मलाही बघवलं नसतं. बोट विकावी लागेल, असं आम्ही हळू आवाजात बोललो, आणि आमच्या आवाजाचाच आम्हाला कंटाळा आला.

सकाळी मी सुकाणूपाशी गेलो. परत त्याच श्लॉयझेतून घराकडे जायचं होतं. सुकाणू डावीकडे लोटलं की बोट उजवीकडे जाते, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिले काही क्षण गोंधळात गेले. सासरे सोफ्यावर नव्हते. केबिनच्या छपराला हात लावत लावत ते पुढे निघाले होते. बायकोने विचारलं, पुढे जाऊन तुम्ही काय करणार?

"ओरडणार," ते म्हणाले.

ते माझ्या जागेवर, म्हणजे सासूबाईंच्या जागेवर, जाऊन उभे राहिले. नात त्यांच्या शेजारी दोर घेऊन बसली, पाय नीट आत घेऊन. श्लॉयझे जवळ आली. मला मागून ती स्वच्छ दिसत होती: दगडी कोपरे, उघडा दरवाजा, हिरवा दिवा. मार्गदर्शनाची काही म्हणजे काही गरज नव्हती. आणि पुढून आवाज आला, जाड, जर्मन, एकेक अक्षर लोखंडासारखं ठोकलेलं:

"येऊ द्या! येऊ द्या! येऊ द्या!"

ओळखीच्या काठांवरून तो आवाज घुमून परत येत होता. वीस वर्षांत सासऱ्यांनी मला पहिल्यांदा मानाने हाक मारली होती, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. आईला हे कळवायला हवं, असं माझ्या मनात येऊन गेलं. मी हळूहळू आत येत होतो. बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बाऽस!" सासरे ओरडले. तळवासुद्धा वर केला.

आमची बोट जेमतेम निम्मी आत होती. मागचा अर्धा भाग, म्हणजे मी, बायको आणि इंजिन, अजून उंबऱ्याबाहेर होतो. पुढे अख्खी श्लॉयझे रिकामी पडली होती. मी इंजिन उलटं फिरवलं आणि बोट उभी केली. आमच्या मागे भाड्याची एक बोट खोळंबली होती. तिच्यावरच्या गृहस्थांनी आधी वाट पाहिली, मग हात हलवून, अगदी सभ्य आवाजात सांगितलं की पुढे अजून खूप जागा आहे.

"दिसतंय मला," मी त्यांना म्हणालो.

पण सासरे बास म्हणाले होते. मी थांबलो होतो.